२१४७४८३६४७ या संख्येत एवढं काय आहे?

एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरमधली ग्राहकांची यादी उघडावी आणि मोबाइल नंबरच्या रकान्यात ओळीने २१४७४८३६४७, २१४७४८३६४७, २१४७४८३६४७ असा एकच आकडा दिसावा, असा अनुभव डेटाबेसवर काम करणाऱ्या अनेकांना येतो. तो कोणाचाच नंबर नसतो. भारतातला मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, २ ने नाही. झालेलं असतं एवढंच, की यादी बनवणाऱ्याने नंबर साठवायला 'इंट' प्रकारचा, म्हणजे पूर्णांकांचा साधा रकाना ठेवलेला असतो. मायएसक्यूएलसारखा डेटाबेस सैल सेटिंगवर चालत असेल, तर अशा रकान्यात न मावणारी संख्या तो नाकारत नाही. रकान्यात मावणारी सगळ्यात मोठी संख्या तिच्या जागी लिहून मोकळा होतो. ९८ ने सुरू होणारा नंबर असो की ७० ने, सगळ्यांचं २१४७४८३६४७ होतं आणि खरा नंबर कायमचा जातो.

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. संगणकाच्या धंद्यातल्या माणसाला ही संख्या 'मर्यादा' म्हणून माहीत असते. गणितात मात्र तिची ओळख फार जुनी आहे. अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलरने ती मूळ संख्या आहे हे सिद्ध केलं आणि त्यानंतर कित्येक दशकं ती माणसाला माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या होती. त्याच्याही सहाशे वर्षं आधी आपल्या भास्कराचार्यांनी एका उदाहरणाचं जे उत्तर काढलं, ते या संख्येच्या अगदी शेजारचं आहे, फक्त एकाने कमी.

मला या संख्येचं अप्रूप आहे ते या सगळ्याचं कारण एकच असल्यामुळे. दोनाला दोनाने गुणत गेलं की ३१व्या घाताला २१४७४८३६४८ येतात. आपली संख्या त्याच्यापेक्षा एकाने कमी. तिचे बहुतेक सगळे गुण या 'एकाने कमी'मधून निघतात.

कवड्यांचं दान

'लीलावती' हा ग्रंथ ११५० च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचं महाराष्ट्राशी नातं सांगणारा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण इथे आहे. त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ स्थापला आणि भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्यापन सुरू केलं, असं त्यात नमूद आहे. तर या 'लीलावती'त श्रेढींच्या, म्हणजे संख्यांच्या मालिकांच्या, प्रकरणात एक उदाहरण येतं. एका दात्याने याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट देण्याचं कबूल केलं. महिन्याभरात तो किती निष्क देईल?

महिना तीस दिवसांचा. म्हणजे २, ४, ८, १६ असं करत दोनाच्या तिसाव्या घातापर्यंतच्या सगळ्या संख्यांची बेरीज करायची. ती येते २१४७४८३६४६. त्या काळी वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे एका निष्काच्या २०४८० कवड्या. भागाकार करून पाहा: १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि वर ६ कवड्या.

दात्याने दान सुरू करायच्या आदल्या दिवशी याचकाच्या हातावर एकच कवडी ठेवली असती, तर बेरीज बरोबर २१४७४८३६४७ झाली असती. कारण १ पासून सुरू करून दुप्पट करत गेलं, की कुठेही थांबलं तरी बेरीज पुढच्या संख्येपेक्षा एकानेच कमी भरते. १ आणि २ मिळून ३, पुढची संख्या ४. १, २ आणि ४ मिळून ७, पुढची ८. हे असंच चालू राहतं.

उत्तरापेक्षाही मला त्यांची रीत भावते. दोनाचा तिसावा घात काढायला एकोणतीस गुणाकार करायचे नाहीत, असं ते सांगतात. 'विषमे गच्छे व्येके गुणकः स्थाप्यः समेऽर्धिते वर्गः'. पदांची संख्या विषम असेल तर एक वजा करा आणि 'गुण' लिहा, सम असेल तर निम्मी करा आणि 'वर्ग' लिहा. शून्यापर्यंत पोचलात की उलट्या क्रमाने ती ती क्रिया करत या.

तीसवर करून बघू. ३० सम, निम्मे १५, लिहा वर्ग. १५ विषम, एक कमी करून १४, लिहा गुण. १४ चे निम्मे ७, वर्ग. ७ चे ६, गुण. ६ चे ३, वर्ग. ३ चे २, गुण. २ चा १, वर्ग. १ चं शून्य, गुण. आता खालून वर या. गुण म्हणजे दोनाने गुणा: २. वर्ग: ४. गुण: ८. वर्ग: ६४. गुण: १२८. वर्ग: १६३८४. गुण: ३२७६८. वर्ग: १०७३७४१८२४. आठ पायऱ्यांत तिसावा घात हातात आला. त्यातून एक वजा करून दुप्पट केलं की झाली दानाची बेरीज.

ही युक्ती भास्कराचार्यांच्याही आधीची आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रात वृत्तांचे प्रकार मोजण्यासाठी ती येते. पण कवड्यांच्या हिशेबात ती जितकी स्वच्छ दिसते तितकी क्वचितच कुठे दिसत असेल. आज बँकेच्या संकेतस्थळाशी तुमचा फोन गुप्तपणे बोलतो, तेव्हा शेकडो अंकी संख्यांचे प्रचंड घात काढावे लागतात. तिथेही याच जातीची रीत वापरतात, वर्ग करा आणि लागेल तिथे गुणा. ती नसती तर ते हिशेब कधी संपलेच नसते.

ऑयलरने ती मूळ आहे हे कसं ओळखलं

दोनाच्या घातापेक्षा एकाने कमी असलेल्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात, मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूच्या नावावरून. त्याने १६४४ मध्ये एक यादी दिली होती, दोनाच्या कोणकोणत्या घातातून एक वजा केला की मूळ संख्या मिळते त्याची. यादीत ३१ होता. यादीतले ६७ आणि २५७ पुढे चुकीचे ठरले, ६१, ८९ आणि १०७ त्याच्याकडून राहून गेले होते. म्हणजे मर्सेनने म्हटलं म्हणून ३१ वर विश्वास ठेवायची सोय नव्हती. कोणीतरी बसून तपासायला हवं होतं.

पहिली चाळणी सोपी आहे. घातांक स्वतः मूळ नसेल तर संख्या मूळ असूच शकत नाही. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिलं, तर हे डोळ्यांना दिसतं. दोनाचा सहावा घात वजा एक म्हणजे ६३, द्विमानात ओळीने सहा एक: ११११११. सहा म्हणजे तीन दुणे, म्हणून हे १११ आणि पुन्हा १११ असं सरळ तुटतं. १११ म्हणजे ७, आणि ६३ ला ७ ने भाग जातो. आपली संख्या द्विमानात ओळीने एकतीस एक अशी लिहिली जाते. ३१ मूळ असल्यामुळे तिचे असे सारखे तुकडे पडत नाहीत.

पण तेवढ्याने भागत नाही. ११ हाही मूळ अंक आहे, तरी दोनाचा ११वा घात वजा एक म्हणजे २०४७, आणि ते २३ गुणिले ८९. म्हणून खरी तपासणी करायलाच हवी. एखाद्या संख्येला विभाजक असेल तर एक तरी तिच्या वर्गमुळापेक्षा लहान असतो. इथे वर्गमूळ सुमारे ४६३४० येतं. तिथवर सुमारे ४८०० मूळ संख्या आहेत. कागदावर, हाताने, दहा अंकी संख्येला ४८०० भागाकार! शिवाय एकही चूक चालणार नाही.

ऑयलरने भागाकारांना हात घालण्यापूर्वी विचारलं, की विभाजक असलाच तर तो दिसेल कसा? हा युक्तिवाद दोन मिनिटं लक्ष दिलं तर पूर्ण समजतो, आणि माझ्या मते या संख्येच्या बाबतीतली सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे.

समजा २१४७४८३६४७ ला कुठल्या तरी मूळ संख्येने भाग जातो. तिला 'क' म्हणू. मग दोनाच्या ३१व्या घाताला क ने भागल्यावर बाकी १ उरणार. आता २, ४, ८, १६ अशा दोनाच्या घातांना क ने भागत बाक्या लिहीत चला. एकतिसाव्या पायरीला बाकी १ आली की तिथून पुढे त्याच बाक्या त्याच क्रमाने पुन्हा येतात. म्हणजे ३१ पायऱ्यांचं चक्र झालं. त्याहून लहान चक्र शक्य नाही, कारण लहान चक्राच्या लांबीने ३१ ला भाग जायला हवा, आणि ३१ मूळ आहे. दुसरीकडे फर्मा या गणितज्ञाचा एक नियम सांगतो, की क पेक्षा एकाने कमी इतक्या पायऱ्यांनंतर बाकी हमखास १ येते. दोन्ही खरं असेल तर क वजा एक या लांबीत ३१ चं चक्र पुरतं बसलं पाहिजे, म्हणजे क वजा एक ही ३१ ची पट हवी. क विषम आहे, म्हणून क वजा एक सम. तेव्हा ती ६२ ची पट. एका झटक्यात बहुतेक सगळे उमेदवार बाद झाले.

ऑयलरकडे अजून एक चाळणी होती. दोनाच्या ३१व्या घाताची बाकी १, म्हणून ३२व्या घाताची बाकी २. पण ३२वा घात म्हणजे ६५५३६ चा वर्ग. म्हणजे क ने भागण्याच्या हिशेबात २ ही एका वर्गाची बाकी ठरते. ज्या विषम मूळ संख्यांच्या बाबतीत असं होतं, त्यांना ८ ने भागलं की बाकी १ किंवा ७ च उरते. दोन्ही अटी एकत्र केल्या की क हा २४८ च्या पटीपेक्षा १ ने जास्त किंवा ६३ ने जास्त असावा लागतो. दुसरं काही चालत नाही.

मघाच्या २०४७ वर हाच युक्तिवाद पडताळून बघा. तिथे घातांक ११, म्हणून विभाजक २२ च्या पटीहून एकाने जास्त हवेत. २३ म्हणजे २२ अधिक १. ८९ म्हणजे ८८ अधिक १. आठाने भागल्यावर २३ ची बाकी ७, ८९ ची १. अगदी नेमकं.

आता आपल्या संख्येसाठी उमेदवार लिहू. ६३ मूळ नाही. त्यापुढे २४९, ३११, ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१, १३०३. २४९ ला ३ ने भाग जातो, ४९७ ला ७ ने, ५५९ ला १३ ने, ७४५ ला ५ ने, ८०७ आणि ९९३ ला पुन्हा ३ ने, १०५५ ला ५ ने, आणि १२४१ म्हणजे १७ गुणिले ७३. तेराशेच्या पुढे जाईपर्यंत दोनच मूळ उमेदवार उरले, ३११ आणि १३०३. ३११ ने भागल्यास बाकी ३५, १३०३ ने भागल्यास २२६. दोन्ही बाद.

४६३४० पर्यंत असे, ६३ सोडून, ३७२ आकडे बसतात. त्यातले मूळ तेवढे घेतले तर ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरात. ४८०० भागाकारांचं काम एवढ्यावर आलं. यातल्या एकानेही भाग गेला नाही. १७७२ मध्ये बर्नोलीला लिहिलेल्या पत्रात ऑयलरने हा निष्कर्ष कळवला. तो तेव्हा सेंट पीटर्सबर्गला होता, पासष्टीचा होता, आणि आदल्या वर्षीच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्याला जवळपास दिसेनासं झालं होतं.

या निकालासोबत आणखी एक संख्या फुकट मिळाली. ज्या संख्येचे स्वतःखेरीज सगळे विभाजक मिळवले की तीच संख्या परत येते, ती परिपूर्ण संख्या: ६ (१, २, ३), मग २८, ४९६, ८१२८. युक्लिडपासून माहीत आहे, की दोनाच्या घातापेक्षा एकाने कमी असलेली संख्या मूळ निघाली, तर तिला त्या घाताच्या निम्म्याने गुणून परिपूर्ण संख्या मिळते. सम परिपूर्ण संख्या मिळवायचा दुसरा मार्गच नाही, हे ऑयलरने दाखवलं. आपल्या संख्येला दोनाच्या तिसाव्या घाताने, म्हणजे वर आठ पायऱ्यांत काढलेल्या १०७३७४१८२४ ने गुणलं, की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही आठवी परिपूर्ण संख्या तयार होते. इंग्रज गणिती पीटर बार्लो याने १८११ मध्ये लिहून ठेवलं, की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडायची नाही, कारण या संख्या कुतूहलापुरत्या आहेत, त्यांचा उपयोग काही नाही, तेव्हा कोणी पुढे शोधायला जाणार नाही. १८७६ मध्ये एदुआर ल्युकाने दोनाचा १२७वा घात वजा एक ही एकोणचाळीस अंकी संख्या मूळ असल्याचं दाखवलं आणि परिपूर्ण संख्याही तेवढीच पुढे सरकली. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली मर्सेन मूळ संख्या दोनाच्या १३६२७९८४१व्या घातापेक्षा एकाने कमी आहे आणि ती लिहायला ४१०२४३२० अंक लागतात. स्वयंसेवकांचे संगणक जोडून हा शोध अखंड चालू आहे. बार्लोला माणसाच्या कुतूहलाचा अंदाज आला नाही, आणि उपयोगाचाही.

बत्तीस बिटांची सीमा

संगणक संख्या शून्य आणि एकात ठेवतो. बराच काळ एका पूर्णांकासाठी ३२ घरं, म्हणजे ३२ बिट, ठेवण्याची पद्धत रूढ होती, आजही बऱ्याच ठिकाणी आहे. ऋण संख्या लिहायची सोय हवी म्हणून पहिलं घर चिन्हासाठी जातं. उरली ३१. ती सगळी एकांनी भरली की होते आपली संख्या, ओळीने एकतीस एक. त्यात आणखी एक मिळवला तर गाडीचा किलोमीटर दाखवणारा काटा ९९९९९ वरून उलटतो तसे सगळे एक शून्य होतात आणि हातचा एक थेट चिन्हाच्या घरात जाऊन बसतो. संगणक ते वाचतो उणे २१४७४८३६४८. सगळ्यात मोठ्या धन संख्येच्या पुढची पायरी सगळ्यात लहान ऋण संख्या!

हिशेबाच्या प्रोग्राममध्ये रक्कम पैशांत साठवायची चांगली रीत आहे, दशांशाच्या चुका टळतात. पण ती ३२ बिटांत साठवली तर मर्यादा २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. मध्यम दुकानाची वर्षाची उलाढालही यापलीकडे जाते.

काळाचंही तसंच. युनिक्स परंपरेतले संगणक वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, ग्रीनिचच्या घड्याळाने, किती सेकंद झाले यावर. तो आकडा ३२ बिटांत असेल तर २१४७४८३६४७ वा सेकंद येतो १९ जानेवारी २०३८ ला, मंगळवारी, भारतात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला असा संगणक आजच्या भारतीय वेळेप्रमाणे १४ डिसेंबर १९०१ ची रात्र समजेल. हे काम २०३८ पर्यंत थांबणारं नाही, कारण तारखा पुढच्याही काढाव्या लागतात. २०१८ मध्ये वीस वर्षांचं गृहकर्ज देताना शेवटच्या हप्त्याची तारीख काढणारा प्रोग्राम त्या सीमेला तेव्हाच भिडला. नव्या यंत्रणांत वेळ ६४ बिटांत ठेवतात, त्यांची मर्यादा सुमारे २९२ अब्ज वर्षांवर आहे. काळजी आहे ती एकदा बसवून विसरल्या गेलेल्या लहान यंत्रांची: नियंत्रक, मीटर, कारखान्यातली उपकरणं. त्यांचा प्रोग्राम बदलायला कोणी जात नाही.

'गंगनम स्टाइल' या कोरियन गाण्याचा व्हिडिओ डिसेंबर २०१४ मध्ये एवढ्या वेळा पाहून झाला, की यूट्यूबची मोजणी या संख्येपलीकडे गेली. तिथल्या अभियंत्यांनी ती आधीच ६४ बिटांवर नेलेली होती. विमानाची गोष्ट अधिक गंभीर आहे. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ बाबत आदेश काढला, की विमानाचा वीजपुरवठा सलग २४८ दिवस चालू राहिला तर जनित्रांच्या नियंत्रकातला गणक ओसंडतो आणि जनित्रं बंद पडू शकतात, म्हणून ठरावीक मुदतीत वीज पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. सेकंदाचे शंभरावे भाग मोजत गेलं तर २१४७४८३६४७ चा आकडा २४८ दिवस आणि आणखी साडेतेरा तासांच्या आत पूर्ण होतो. ऑयलरच्या चाळणीतही २४८ होते. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तो निव्वळ योगायोग आहे. तरी पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी दोन्ही हिशेब पुन्हा करून पाहिले.

इथे ही संख्या नुसती मर्यादा म्हणून भेटते. पण तिचं मूळ असणंही संगणकात कामाला आलेलं आहे. खेळात फासा टाकायचा, प्रयोगात नमुने निवडायचे, यासाठी संगणकाला यादृच्छिक वाटतील अशा संख्या लागतात. १९८८ मध्ये स्टीफन पार्क आणि कीथ मिलर यांनी सुचवलेली एक साधी रीत फार गाजली. कोणतीही संख्या घ्या, तिला १६८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागा, बाकी ठेवा, आणि तीच बाकी घेऊन पुन्हा तेच करा. १ पासून सुरू केलं तर १६८०७, मग २८२४७५२४९, मग १६२२६५००७३, असे आकडे उड्या मारत येतात. भाजक मूळ आहे आणि १६८०७ विचारपूर्वक निवडलेला आहे, म्हणून १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या बरोबर एकदा येऊन गेल्यावरच चक्र पुन्हा सुरू होतं. चक्राची लांबी २१४७४८३६४६. भास्कराचार्यांच्या दात्याने महिन्याभरात दिलेल्या कवड्या नेमक्या एवढ्याच होत्या.

पुढची कडी

३१ ही स्वतःदेखील मर्सेन मूळ संख्या आहे, दोनाच्या पाचव्या घातापेक्षा एकाने कमी. म्हणून ५ पासून एक साखळी तयार होते: ५ पासून ३१, ३१ पासून २१४७४८३६४७, तिन्ही मूळ. दुसरी साखळी २ पासून निघते: ३, ७, १२७, आणि मग ल्युकाची एकोणचाळीस अंकी संख्या. सगळ्या मूळ. साहजिकच प्रश्न पडतो, की आपली संख्याच घातांक म्हणून वापरली तर? दोनाचा २१४७४८३६४७ वा घात, वजा एक.

ही संख्या लिहायला ६४ कोटी ६४ लाख ५६ हजार ९९३ अंक लागतील. तिला एकेका संख्येने भागून बघायचा विचारही करवत नाही. पण ऑयलरचा युक्तिवाद इथे जसाच्या तसा लागू पडतो: विभाजक असलाच तर तो २१४७४८३६४७ च्या एखाद्या सम पटीपेक्षा एकाने जास्तच असणार. या वाटेने शोधताना २९५२५७५२६६२६०३१ हा विभाजक सापडला. २१४७४८३६४७ ला १३७४९० ने गुणा, एक मिळवा, हाच आकडा येईल. म्हणजे साखळी इथे तुटली, पुढची संख्या मूळ नाही. दोनाच्या ६१व्या घाताच्या मर्सेन संख्येबद्दल हाच प्रश्न विचारला तर गणितात अजून उत्तर नाही. तिथे एकही विभाजक मिळालेला नाही.

पासष्ट कोटी अंकांच्या संख्येला या पंधरा अंकी आकड्याने खरंच भाग जातो का, हे घरच्या संगणकावर पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या तीन ओळींत तपासता येतं. ती संख्या पूर्ण लिहावी लागत नाही, भास्कराचार्यांची वर्गाची रीत पुरते. २ घ्या. वर्ग करा, २९५२५७५२६६२६०३१ ने भागा, बाकी ठेवा. त्या बाकीचा वर्ग करा, पुन्हा भागा. असे एकतीस वर्ग झाले की दोनाचा २१४७४८३६४८ वा घात काढल्यासारखं होतं, आपल्या घातांकापेक्षा एक जास्त. भाग जात असेल तर बाकी २ उरली पाहिजे. एकतिसाव्या पायरीला ती २ च उरते.